गुलाबजलाची देग आणि तिचे सांधे

मागच्या वर्षी रमजान सुरू व्हायच्या आठवडाभर आधी आमच्या घरी गुलाबजलाची पहिली बाटली भरली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मींनी ती मोरीत ओतली. अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई. बाटलीच्या तळाशी पांढरी पूड बसली होती. वास गुलाबाचाच होता, पण त्याच्या मागून रबराचा वास येत होता. "ईदच्या शीरखुर्म्यात हे घालणार होतीस का तू?" एवढेच त्या म्हणाल्या आणि बाटली विसळायला टाकली.

मुळशी तालुक्यात पौडच्या पुढे आमचे घर आहे. परसात गावठी गुलाबाची डझनभर झाडे आणि कुंपणाच्या कडेने गवती चहाची रांग. थंडीत गुलाब असा फुलतो की रोज सकाळी परडी भरते. माझे माहेर अत्तारांचे. पश्चिम महाराष्ट्रात अत्तार आडनावाची घरे गावोगावी सापडतात. आमच्या थोरल्यांनी बाजाराच्या दिवशी अत्तर, सुरमा, उदबत्ती विकली. पण तो माल दुसरीकडून यायचा. अत्तर विकणे वेगळे आणि फुलातून अर्क काढणे वेगळे, हे मला ती बाटली मोरीत गेल्यावर कळले.

झाले असे होते की आमचे धाकटे दीर नळजोडणीची कामे करतात. मी म्हटले, भाईजान, एका पातेल्याच्या झाकणाला नळी बसवून द्या. त्यांनी एका दुपारी काम उरकले. कुणाच्या तरी बाथरूमच्या कामातून उरलेला जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी एल्बो, पितळेचे निपल, आट्यांवर सुतळी गुंडाळून वर सफेदा, झाकणाखाली सायकलच्या ट्यूबची कापलेली रिंग, आणि तांब्याच्या नळीला जोड देताना हाताशी होता तो डाख. पाण्याच्या टाकीसाठी हे सगळे चालून गेले असते. त्यांचा दोष नाही. मी त्यांना काय करायचे ते सांगितले, पण त्यातून जे पडेल ते पोटात जाणार आहे हे सांगितले नाही.

अर्क काढण्याचे यंत्र दिसायला साधे असते. खाली आच, वर देग, देगेत पाणी आणि फुले, झाकणातून निघणारी नळी, नळी थंड करायची सोय आणि शेवटी बाटली. पाणी उकळते, वाफ फुलातला सुगंध घेऊन वर चढते, थंड नळीत तिचे पुन्हा पाणी होते. हे पाणी नुकतेच जन्मलेले असते. त्यात क्षार नाहीत, काही विरघळलेले नाही, वर फुलातली किंचित आम्लता असते. असे पाणी वाटेत भेटेल त्या धातूला चाटत जाते. म्हणून देगेपेक्षा तिच्या पुढचे भाग अधिक महत्त्वाचे. देगेत जे राहते ते आपण टाकून देतो. नळीतून आणि सांध्यांतून जे येते ते आपण पितो.

आमच्या पहिल्या बाटलीतला एकेक गुन्हेगार नंतर ओळखता आला. पांढरी पूड बहुधा जस्ताची. जस्त चढवलेला लोखंडी पाइप गरम आणि आंबट वाफेला टिकत नाही. (ताजे गुलाबजल कधी कधी तेलाच्या सूक्ष्म थेंबांमुळेही धुरकट दिसते, पण ते वर तरंगते, तळाशी बसत नाही.) रबराचा वास ट्यूबच्या रिंगचा. या दोन गोष्टी निदान डोळ्याला आणि नाकाला कळल्या. ज्या कळल्या नाहीत त्यांची मला जास्त भीती वाटते. नळजोडणीच्या पितळी वस्तूंत कातकाम सोपे जावे म्हणून थोडे शिसे मिसळलेले असते. वर चकचकीत क्रोम असला तरी आत तेच पितळ. बाजारात सर्रास मिळणाऱ्या ६०-४० डाखात १०० भागांत ४० भाग शिसे असते. सफेदा म्हणून मिळणाऱ्या लुकणात पूर्वी शिशाचाच पांढरा रंग घालत. शिशाला चव नाही, पाण्यात त्याचा रंग दिसत नाही, वास येत नाही. ते प्रयोगशाळेतच सापडते. शरीरात शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही पातळी ठाऊक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्याचा सर्वात जास्त मार लहान मुलांच्या मेंदूवर बसतो. आमच्या घरात तेव्हा चार वर्षांचा नातू होता आणि सरबताचा पहिला पेला नेहमी त्याचाच असतो.

ही भीती नवी नाही. १७२३ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीने कायदा करून दारूच्या भट्टीला शिशाची टोपी आणि शिशाच्या नळ्या लावायला बंदी केली, कारण ती दारू पिणाऱ्यांच्या पोटात असह्य कळा येत आणि हातपाय लुळे पडत. आपला त्या दारूशी संबंध नाही. पण नळी कशाची आहे हे वाफ विचारत नाही, हे त्या लोकांना ३०० वर्षांपूर्वी कळले होते.

देग, भपका आणि अंबीक

मग मी पुस्तकांकडे वळले, आणि मला थोडी लाजच वाटली. ही विद्या आपल्याच घरची. 'अर्क' हा शब्द अरबीतल्या 'अरक' म्हणजे घामावरून आला, असे मानतात. देगेच्या झाकणाला आतून सुटलेला घाम म्हणजे अर्क, याहून नेमके वर्णन मला सुचत नाही. संस्कृतातही अर्क हा शब्द आहे आणि वैद्य लोक तो वापरतात, तो वाद पंडितांनी सोडवावा. आठव्या शतकातले जाबिर इब्न हय्यान यांचे नाव या यंत्राशी जोडले जाते. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी यांनी सुगंध आणि ऊर्ध्वपातनावर एक ग्रंथच लिहिला, त्यात शंभरावर कृती आहेत. अरबी 'अल-अंबीक' युरोपात जाऊन 'अलेंबिक' झाला. इब्न खल्दून यांनी खलिफा मामूनच्या काळातल्या महसुलाची यादी दिली आहे, तीत इराणच्या फार्स प्रांताने दरसाल गुलाबजलाच्या ३०,००० बाटल्या द्यायच्या अशी नोंद आहे. एवढ्या बाटल्या भरायला किती देगा पेटत असतील!

आपल्या देशात हे काम आजही कनौजला चालते. २०१४ पासून कनौजच्या अत्तराला भौगोलिक मानांकनही आहे. तिथले यंत्र मी चित्रांत आणि फिल्ममध्ये पुष्कळ पाहिले. तांब्याची मोठी देग, तिच्या तोंडावर सरपोश, त्यातून निघालेला दोरीने गुंडाळलेला बांबूचा चोंगा आणि पाण्याच्या टाकीत बसवलेला तांब्याचा भपका. आणि सांधे? मातीने आणि कापसाने लिंपलेले. कुठे आटे नाहीत, नट नाही, वायसर नाही. मी आणि दीर पान्हा घेऊन ज्या सांध्यांशी झटत होतो ते सांधे या कारागिरांनी शेकडो वर्षे ठेवलेच नव्हते.

हे लक्षात आल्यावर मी अम्मींना विचारले, "बिर्याणीला दम देताना तुम्ही काय करता?" त्या हसल्या. देगच्याच्या काठावर कणकेची वळी लावायची, वर झाकण दाबायचे. वाफ बाहेर पडत नाही, कणीक खाण्याचीच वस्तू आहे, आणि आत दाब वाढलाच तर आधी कणीक फुटते, देगचा नाही. याहून चांगला सांधा कुठल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणार?

तांबट आळीतले उत्तर

तरीही नळी लागतेच. आम्ही पुण्याला गेलो. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत नळजोडणीचे हवे ते सामान मिळते, आणि तिथे स्टीलचे फिटिंगही हातात घेऊन पाहिले. पण आमचे काम झाले कसबा पेठेजवळच्या तांबट आळीत. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. हातोडीच्या ठोक्यांचे त्यांचे मठारकाम पुण्यात प्रसिद्ध आहे. एका वयस्कर कारागिरासमोर आम्ही आमचे झाकण ठेवले. त्यांनी एल्बो फिरवून पाहिला आणि विचारले, "ताई, हे मोरीचे आहे की खायचे?"

त्यांनी सुचवले ते असे. झाकणाच्या मध्यावर तांब्याच्या पत्र्याचा एक उभा चोंगा, खाली रुंद आणि वर निमुळता. त्यावर दुसरा वाकडा चोंगा घालायचा, तोही निमुळता, म्हणजे हाताने दाबला की घट्ट बसतो आणि पिळला की निघतो. त्याचे दुसरे टोक नळीच्या गुंडाळीत उतरायचे. प्रत्येक जोडाला एकच नियम: वाफ ज्या भागातून येते त्याचे टोक पुढच्या भागाच्या आत गेले पाहिजे, म्हणजे आत पाझरलेला थेंब पुढेच जातो, बाहेर येत नाही. मुळशीच्या पावसात ज्याने कौले शाकारली आहेत त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. वरचे कौल खालच्यावर हवे, उलटे बसले तर घर गळते.

पत्र्याचे शिवण-जोड त्यांनी शुद्ध कथलाने केले आणि आतून देगेला, चोंग्यांना कल्हई करून दिली. कथील निर्मळ आहे, पण ते २३२ अंशांना वितळते. म्हणजे देगेत पाणी आहे तोवर काळजी नाही; पाणी आटून देग कोरडी पडली की कल्हई ओघळलीच समजा. मी तेव्हापासून नियम केला आहे की टाकलेल्या पाण्यातले एक तृतीयांश उरले की आच बंद. कल्हई नसलेल्या तांब्यात आंबट वस्तू कळंकते हे आपल्या आयांना माहीत होते. लिंबाची साल, संत्र्याची साल टाकणार असाल तर विशेष जपा. बाटलीत आलेल्या अर्काला निळसर-हिरवी झाक दिसली तर तो टाकून द्यायचा, चाखायचाही नाही.

थंड करायच्या गुंडाळीसाठी अर्धा इंची मऊ तांब्याची नळी घेतली, तीन मीटर. ही एसीच्या सामानाच्या दुकानात मिळते. मात्र नवी घ्या. भंगारातल्या जुन्या एसीची नळी स्वस्त पडते, पण तिच्या आत कॉम्प्रेसरचे तेल असते आणि ते धुऊन पूर्ण निघत नाही. नळी वाकवताना चेपू नये म्हणून आत कोरडे बारीक मीठ गच्च भरायचे, दोन्ही तोंडे बंद करायची आणि मोठ्या डब्याभोवती हळूहळू गुंडाळायचे. नंतर मीठ पाण्याने विरघळून जाते. वाळू भरली तर शेवटचे दोन खडे कधीच निघत नाहीत, हा माझा अनुभव. गुंडाळी सगळीकडे उताराची हवी. एके ठिकाणी जरी ती वर चढली तरी तिथे पाणी साचते, वाफ गुडगुडते आणि आधीचा वास पुढच्या अर्कात उतरतो.

अर्ध्या इंचापेक्षा बारीक नळी घेऊ नका. वाफ मोकळी निघाली पाहिजे. हे यंत्र दाबावर चालत नाही, आणि ते दाबावर चालावे असा प्रयत्नही करायचा नाही.

ज्यांना तांब्याचा खर्च नको त्यांच्यासाठी स्टील आहे. ३०४ जातीचे स्टील घ्या. त्यात १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. भांड्यांच्या दुकानात २०२ जातीचे स्वस्त स्टील त्याच चकाकीने विकले जाते. लोहचुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४, असे दुकानदार सांगतात, पण चुंबक २०२ लाही चिकटत नाही. त्यामुळे ठसा आणि बिल पाहूनच घ्यावे. स्टीलला आट्यांचे सांधे चालतात आणि आट्यांवर पांढरी टेफ्लॉनची टेप पुरते, ती या उष्णतेला सहज टिकते. सफेदा नको. प्लास्टिकच्या पाइपचा तर विचारच सोडा. आपल्याकडे समुद्रसपाटीपेक्षा उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांना उकळते. घरातल्या साध्या पीव्हीसी पाइपला एवढी वाफ सोसत नाही आणि गरम पाण्याच्या सीपीव्हीसीची मर्यादाही त्याच्या खालीच संपते.

अनेक जणी स्टीलच्या कुकरच्या शिटीच्या जागी सिलिकॉनची नळी बसवून काम भागवतात. चालते, पण त्या शिटीचे भोक बोरीच्या बीपेक्षा बारीक असते. एक पाकळी आडवी गेली की ते बंद. म्हणून फुले मलमलच्या पिशवीत, पिशवी जाळीच्या ताटलीवर, कुकर निम्म्याहून कमी भरलेला आणि आच मंद. सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. नळीचे टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवायचे नाही आणि बाटलीला बूच लावायचे नाही. आच बंद केली की कुकर श्वास आत ओढतो आणि बाटलीतला सगळा अर्क परत आत जातो. नळी, गॅस्केट सिलिकॉनचे असले तरी वास धरतात. आमच्याकडे दोन गॅस्केटे आहेत, एकावर माझ्या मुलीने मार्करने 'गुलाब' लिहिले आहे आणि दुसऱ्यावर 'गवती चहा'.

आणखी एक चूक सांगून टाकते. नवी देग यायच्या आधी मी घाईने अम्मींच्या बिर्याणीच्या देगच्यात एक प्रयोग केला होता. भांडे लख्ख घासले होते. तरीही बाटलीत गुलाबासोबत शहाजिरे उतरले. देग वेगळीच हवी. आणि नवी देग आली तरी पहिली फेरी सिरका घातलेल्या पाण्याची, दुसरी नुसत्या पाण्याची; दोन्ही फेऱ्यांचे पाणी फेकून द्यायचे.

पाण्याचा हिशेब

गुंडाळी पाण्यात ठेवायची हे सगळ्यांना माहीत असते, किती पाण्यात हे कुणी सांगत नाही. एक लिटर अर्क थंड होताना जी उष्णता सोडतो तिने २० लिटर पाणी सुमारे ३० अंशांनी तापते. म्हणजे साध्या बादलीतले पाणी अर्ध्या वाटेतच कढत होते, वाफ न थंडावता बाहेर येते आणि सुगंध स्वयंपाकघरात पसरतो, बाटलीत नाही. आम्ही ५० लिटरचे पिंप घेतले. थंड पाणी खालून सोडायचे आणि गरम वरून काढून घ्यायचे. धरणाच्या तालुक्यात राहूनही उन्हाळ्यात आमच्या वाडीवर टँकर येतो, त्यामुळे ते पाणी वाया घालवत नाही. सकाळची आंघोळ त्यावर होते.

एक किलो पाकळ्यांना तीन लिटर पाणी घालायचे आणि पहिला एक लिटर अर्क घ्यायचा. त्याच्या पुढचे पाणी नुसते फिकट. एक किलो गुलाबाचे तेल काढायला साडेतीन-चार हजार किलो फुले लागतात, तेव्हा तेलाची आशा ठेवू नका. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणीत लिहिले आहे की नूरजहाँच्या आईने गुलाबजल काढताना भांड्यांवर जमलेला तवंग गोळा करून अत्तर केले. तिच्याकडे बादशाही बाग होती. आमच्याकडे डझनभर झाडे.

फुलांबद्दलही बोलायला हवे. शेजारच्या मावळात पॉलिहाऊसमध्ये गुलाबाची मोठी शेती होते. ती लांब दांड्याची फुले दिसायला देखणी, पण त्यांना वास नसल्यासारखाच आणि औषधांची फवारणी वेगळीच. गुलदस्त्यातली फुले देगेत टाकू नका. गावठी गुलाब हवा, पहाटे तोडलेला, फवारणी न केलेला. आणि त्याच दिवशी देगेत जायला हवा. भिजलेल्या पाकळ्या रात्रभर झाकून ठेवल्या तर त्या आंबू लागतात, आणि आंबलेल्या वस्तूची वाफ म्हणजे काय ते मला सांगायला नको.

'भट्टी लावली का?'

हा प्रश्न आलाच. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकू कुंपणापाशी येऊन हळूच म्हणाल्या, "भाभी, लोक म्हणतायत तुमच्याकडे भट्टी लागलीय." मला हसू आले आणि मग आले नाही. आमच्या भागात ओढ्याकाठी हातभट्टी पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्या दारूने काय होते हे २०१५ साली मालाडच्या मालवणीत दिसले, शंभरावर माणसे मेली. देग आणि भट्टी एकाच आकाराच्या. हे नाकारण्यात अर्थ नाही. गंमत म्हणजे कल्हईवाला आमच्या देगेला घासतो तो नवसागरही हातभट्टीवाल्यांच्या सामानात सापडतो.

महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ सालचा आहे. त्याच्या कलम ६५ मध्ये मादक पदार्थ तयार करण्याच्या हेतूने भट्टी, भांडी किंवा साधने बाळगणे हा गुन्हा ठरवला आहे. हेतू हा शब्द महत्त्वाचा. गुलाबजलात काही आंबवले जात नाही, म्हणून ते त्या कायद्याच्या वाटेला जात नाही. पण कायदा आपल्या बाजूने असणे आणि गावाला ते माहीत असणे यात अंतर आहे, आणि आपल्या घराबाबत ते अंतर जरा जास्तच असते, हे वाचणाऱ्या भगिनींना मी काय समजावू! म्हणून आम्ही दार बंद करून काही केले नाही. पोलीस पाटलांना घरी बोलावले, देग पेटलेली दाखवली, पाकळ्या दाखवल्या. काकूंना पहिली चांगली बाटली दिली. त्यांनी ती देवघरात ठेवली आणि पुढच्या आठवड्यात आपल्या परसातली फुले आणून दिली. आता त्यांचा गवती चहाही आमच्याच देगेतून निघतो.

विकायचा विचार करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की खाण्यासाठी विकायचे तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते आणि चेहऱ्याला लावायचे म्हणून विकायचे तर सौंदर्यप्रसाधनाचा परवाना. आम्ही विकत नाही.

वापराबद्दल एकच ताकीद देते, कारण आपल्या घरांत ती सवय आहे. डोळे आले की गुलाबजलाचे थेंब घालायचे, हे मीही लहानपणी सोसले आहे. घरी काढलेले गुलाबजल निर्जंतुक नसते. डोळ्यांत घालू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पोटदुखीसाठी बडीशेपेचा अर्क पाजायचा मोहही आवरा. त्या वयात आईचे दूध पुरते. युनानीतले अर्क औषध म्हणून घ्यायचे तर हकिमांना विचारून घ्या.

बाकी वापर आपल्याला माहीतच आहेत. शीरखुर्मा, फिरनी, इफ्तारचे सरबत. काबागृह धुताना जमजमच्या पाण्यात गुलाबजल मिसळतात, आणि आपल्याकडे जनाज्याच्या वेळी कफनावर शिंपडतात. कुणी सुगंध भेट दिला तर पैगंबर (स.) तो परत करीत नसत, असे हजरत अनस (रजि.) यांनी सांगितल्याचे सहीह बुखारीत आहे. काकूंनी बाटली घेतली तेव्हा मला तेच आठवले.

ताज्या अर्काला थोडा शिजल्याचा वास असतो. उकळून वाळवलेल्या गडद काचेच्या बाटलीत भरून दोन आठवडे फ्रिजमध्ये ठेवला की तो जातो. बाटलीवर तारीख लिहा. सहा महिन्यांत संपवा, आणि आत बुरशीचा धागा दिसला तर लगेच टाका.

यंदा आमच्या पाच बाटल्या निघाल्या. पहिली अम्मींनी उजेडात धरून तळाशी पाहिले, मग झाकण उघडून हुंगली, आणि एक शब्द न बोलता शीरखुर्म्याच्या पातेल्याजवळ नेऊन ठेवली. दीर सध्या काकूंसाठी तसाच चोंगा तांबट आळीतून करून आणायच्या बेतात आहेत. जुना एल्बो त्यांनी बागेच्या नळाला लावला.